प्रपोजल २ : मिशिगनच्या घटनादुरुस्तीसाठी केलेल्या कामाचा अनुभव

मिशिगन राज्याच्या १९७८ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात एक कलम होते. जिवंत मानवी भ्रूणाला धोका पोचेल असे आणि त्याच्या उपचाराशी संबंध नसलेले संशोधन त्या कलमानुसार गुन्हा ठरत असे, आणि त्यासाठी पाच वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाची तरतूद होती. हे कलम झाले त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जगातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आले. मानवी भ्रूणापासून स्टेम सेल, म्हणजे शरीरातल्या निरनिराळ्या प्रकारच्या पेशींत रूपांतर होऊ शकणाऱ्या मूळ पेशी, वेगळ्या काढण्याचे तंत्र तर त्यानंतर वीस वर्षांनी, १९९८ मध्ये, विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी साध्य केले. म्हणजे जे संशोधन या कलमाने अडवले, ते कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असणे शक्यच नव्हते. ४ नोव्हेंबर २००८ रोजी राज्याच्या मतदारांनी ‘प्रपोजल २’ ही घटनादुरुस्ती मंजूर करून ते बंधन उठवले. त्या मोहिमेत मी स्वयंसेविका म्हणून काम केले. अमेरिकेतल्या इतर राज्यांत राहणारे ओळखीचे मराठी लोक अलीकडे वेगवेगळ्या प्रश्नांसाठी अशा मोहिमांमध्ये उतरू लागले आहेत आणि ‘हे चालते कसे’ असे विचारतात, म्हणून सगळे क्रमाने लिहीत आहे.

आधी माझा या विषयाशी संबंध काय ते सांगते. आमचा मुलगा आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बाळाच्या, उपचारांनंतर झाला. उपचारात तयार झालेले काही भ्रूण गोठवून ठेवलेले होते आणि आम्हाला दुसरे मूल नको होते. दवाखान्याकडून दर वर्षी साठवणुकीचे बिल येई. ते साधारण पाचशे डॉलरचे असे, आणि सोबत पुढे काय करायचे हे विचारणारा फॉर्म असे. भ्रूण ठेवून द्या, दुसऱ्या जोडप्याला द्या किंवा नष्ट करू द्या, असे त्यात पर्याय होते. संशोधनासाठी देता येतील का, असे मी आमच्या डॉक्टरांना विचारले. त्यांनी शांतपणे सांगितले, की नष्ट करायला कायद्याची काही हरकत नाही, पण स्टेम सेलच्या संशोधनासाठी या राज्यात ते कोणी घेऊ शकणार नाही. परराज्यात पाठवण्याचा मार्ग होता, पण त्याचा खर्च आणि कागदपत्रे दोन्ही आमच्या आवाक्याबाहेरची वाटली. त्या काळात माझ्या वडिलांना मिरजेत पार्किन्सन्सचे निदान होऊन सहा वर्षे झाली होती, आणि त्यांचा शर्टाची बटणे लावण्याचा रोजचा झगडा मी प्रत्येक सुट्टीत पाहत होते. अशा आजारांवर पुढे कधी तरी या संशोधनातून उपचार मिळतील, अशी आशा होती. जे टाकून देण्याची मुभा आहे ते उपयोगी लावण्याला बंदी आहे, हे मला कुठल्याही बाजूने पटले नाही.

पहिला प्रश्न, जो मलाही पडला होता, तो हा, की हा बदल विधिमंडळातून का झाला नाही. प्रयत्न झाले होते. अँडी माइस्नर या प्रतिनिधींनी बंधने सैल करणारी विधेयके मांडली होती, पण ती पुढे सरकली नाहीत. केंद्रातही तेच चालले होते. निधीवरची बंधने सैल करणारे विधेयक काँग्रेसने मंजूर केले आणि राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ते जुलै २००६ मध्ये नकाराधिकार वापरून रोखले. तो त्यांच्या कारकिर्दीतला पहिला नकाराधिकार होता. जून २००७ मध्ये तसेच दुसरे विधेयक त्यांनी परत पाठवले. मिशिगनमध्ये मात्र नागरिकांना स्वतः घटनादुरुस्ती सुचवता येते. पुरेशा मतदारांच्या सह्या जमल्या, तर प्रश्न थेट मतपत्रिकेवर जातो आणि मतदारांनी तो मंजूर केला, तर गव्हर्नरच्या सहीचीही गरज उरत नाही. मिसूरीच्या नागरिकांनी २००६ मध्ये याच मार्गाने स्टेम सेल संशोधनाला घटनात्मक संरक्षण मिळवले होते, तेही अगदी निसटत्या बहुमताने.

सह्यांची संख्या आधीच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत पडलेल्या एकूण मतांच्या दहा टक्के लागते. २००८ साठी ती ३,८०,१२६ होती. शिवाय सही दाखल करण्याच्या दिवसापासून १८० दिवसांपेक्षा जुनी झाली, की ती शिळी मानली जाते. त्यामुळे वर्षभर सावकाश गोळा करू, असे म्हणण्याची सोय नसते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मुदत संपत होती. एवढा आकडा केवळ हौशी लोकांच्या बळावर होत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. मोहिमेने पैसे देऊन सह्या गोळा करणारी माणसे नेमली होती आणि आमच्यासारखे स्वयंसेवक त्यांच्या जोडीला होते. मोहिमेला मोठ्या देणगीदारांचा, विशेषतः आल्फ्रेड टाउबमन यांचा, आधार होता. ज्यांना अशी मोहीम शून्यातून उभी करायची आहे, त्यांनी पैशाचा विचार पहिल्या बैठकीतच करावा.

मी नुकतीच अमेरिकेची नागरिक झाले होते आणि मतदार म्हणून नोंदणीही झाली होती. एका संध्याकाळच्या प्रशिक्षणात आम्हाला क्लिपबोर्ड, कोरे अर्ज आणि काळी पेने मिळाली. अर्जावर घटनादुरुस्तीचा पूर्ण मजकूर छापलेला होता, कारण तसा नियमच आहे. प्रशिक्षणातला बहुतेक वेळ विज्ञानावर नव्हे, तर रकान्यांवर गेला, आणि ते योग्यच होते हे पुढे कळले.

प्रत्येक अर्ज एका काऊंटीसाठी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागासाठी, असतो. त्या अर्जावर त्याच काऊंटीतल्या नोंदलेल्या मतदाराने सही करायची, आपले शहर किंवा टाउनशिप (शहराबाहेरच्या भागाचा स्थानिक कारभार पाहणारा विभाग) लिहायची, पत्ता आणि तारीख घालायची. हे कागदावर सोपे दिसते, पण नॉर्थव्हिलच्या बाजारात उभे राहिल्यावर त्यातली मेख कळते, कारण ते छोटेसे शहर वेन आणि ओकलंड अशा दोन काऊंट्यांमध्ये विभागलेले आहे आणि शेजारी त्याच नावाची स्वतंत्र टाउनशिपही आहे. “तुमची काऊंटी कोणती?” असे विचारले, की अर्धे लोक नवऱ्याकडे किंवा बायकोकडे बघत. पोस्टाच्या पत्त्यात लिहिलेले गाव आणि मतदार यादीतले गाव वेगळे असू शकते. ब्लूमफिल्ड हिल्स असा पत्ता असलेली कितीतरी घरे ब्लूमफिल्ड टाउनशिपमध्ये मोडतात. म्हणून मी दोन काऊंट्यांचे अर्ज दोन वेगळ्या रंगांच्या क्लिपबोर्डवर लावले आणि “मालमत्ता कराचे बिल कोणाकडून येते?” असे विचारू लागले. त्या प्रश्नाचे उत्तर घर असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

सही गोळा करणाऱ्याने स्वतःची सही आणि तारीख पानावरची शेवटची सही झाल्यानंतरच करायची. त्या तारखेनंतरची एखादी सही पानावर आली, तर ती बाद होते. मी घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर प्रत्येक ओळ वाचून मगच खाली सही करत असे. हा वेळ राखून ठेवावा, दमलेल्या अवस्थेत घाईने हे काम करू नये.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आहे. एप्रिलमध्ये गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला मी अर्ज घेऊन गेले, तेव्हा ओळखीच्या अनेकांनी “आण इकडे, करतो सही” म्हणून प्रेमाने हात पुढे केला. त्यांतले कित्येक एच-१बी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर होते. नागरिक नसलेल्या व्यक्तीने मतदार असल्याचे भासवून सही करणे हा निवडणूक कायद्याचा भंग आहेच, शिवाय नागरिकत्वाचा खोटा दावा केल्याचा ठपका आला, तर इमिग्रेशनच्या दृष्टीने त्याचे परिणाम अतिशय गंभीर होतात. मी प्रत्येकाला आधी “सिटिझन झालात का, आणि मतदार नोंदणी केली आहे का?” असे विचारत असे, आणि नाही म्हटले, की आभार मानून क्लिपबोर्ड मागे घेत असे. काही जणांना ते तुटक वाटले असेल, पण या बाबतीत भिडेखातर वागण्यात समोरच्याचेच नुकसान आहे. ज्यांना सही करता येत नव्हती त्यांनी मला मुलाला सांभाळण्यात, गाडीने सोडण्यात, कागद क्रमाने लावण्यात मदत केली. त्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या घरात गेले होते, त्यामुळे एकाच गाडीतून जाणे हीसुद्धा मदतच होती. माझा स्वतःचा खर्च पेट्रोल, पार्किंग आणि पाण्याच्या बाटल्या एवढाच झाला.

जुलैच्या सुरुवातीला मोहिमेने साडेपाच लाखांहून अधिक सह्या दाखल केल्या. गरजेपेक्षा इतक्या जास्त कशासाठी, असे माझ्या पतींनी विचारले होते. कारण पडताळणीत चुकीची काऊंटी, दुबार सही, यादीत नसलेले नाव अशा कारणांनी बऱ्याच सह्या गळतात. निवडणूक विभाग सगळ्या सह्या एकेक करून तपासत नाही. तो यादृच्छिक नमुना काढून त्यावरून वैध सह्यांचा अंदाज बांधतो, त्यामुळे नमुन्यातली एक बाद सही प्रत्यक्षात अनेक सह्यांना खाली ओढते. निकाल कळेपर्यंतचे आठवडे मला जड गेले. ऑगस्टमध्ये सह्यांवर अंतिम निर्णय देणाऱ्या राज्याच्या कॅनव्हासर मंडळाने प्रश्न मतपत्रिकेवर घेण्यास मान्यता दिली. त्यापाठोपाठ मतपत्रिकेवरचा शंभर शब्दांच्या आतला मजकूर ठरला, आणि आम्हाला सांगण्यात आले, की यापुढे बोलताना तोच मजकूर समोर ठेवा.

मला हे मत मागण्याचे काम सह्यांपेक्षा अवघड गेले. सही मागताना एवढेच म्हणायचे असते, की हा प्रश्न मतदानाला जाऊ द्या. मत मागताना मात्र माणसाच्या मनातल्या खोलवरच्या श्रद्धेपर्यंत पोचावे लागते. दुरुस्तीत नेमके काय होते, ते मी पाठ केले होते. भ्रूण केवळ वंध्यत्वाच्या उपचारासाठी तयार झालेले असावेत. ते उपचाराच्या गरजेपेक्षा जास्तीचे किंवा रोपणास अयोग्य असावेत आणि संशोधनाला दिले नाहीत, तर टाकूनच दिले जाणारे असावेत. उपचार घेणाऱ्या व्यक्तीने स्वेच्छेने, माहिती घेऊन, लेखी संमती द्यावी. पेशीविभाजन सुरू झाल्यावर चौदा दिवसांनंतर पेशी घेता येणार नाहीत, आणि गोठवलेला काळ त्यात मोजायचा नाही. भ्रूणांची खरेदी-विक्री करता येणार नाही. विरोधकांच्या जाहिरातींत क्लोनिंगची भीती घातली जाई, पण १९९८ चा क्लोनिंगबंदीचा कायदा, दहा वर्षे कैद आणि एक कोटी डॉलर दंड यांसह, जागच्या जागी राहणार होता. करवाढीची भीतीही दाखवली गेली. त्या शरद ऋतूत वाहन उद्योग गाळात चालला होता आणि आमच्या गल्लीत दर काही घरांआड कोणाची तरी नोकरी गेलेली होती, त्यामुळे ती भीती लोकांना लगेच भिडे. कॅलिफोर्नियाने २००४ मध्ये या संशोधनासाठी तीन अब्ज डॉलरचे रोखे मंजूर केले होते. मिशिगनच्या दुरुस्तीत निधीचा एकही डॉलर नव्हता, हे मी मजकुरावर बोट ठेवून दाखवत असे.

विरोधकांच्या दोन मुद्द्यांमध्ये मात्र खरोखर वजन होते, आणि ते टाळून पुढे जाणे मला पटत नव्हते. दुरुस्तीतल्या एका उपकलमानुसार, परवानगी दिलेल्या संशोधनाला अडवणारे किंवा नाउमेद करणारे कायदे राज्याला किंवा स्थानिक संस्थांना करता येणार नव्हते. ‘मग उद्या विधिमंडळाला काही नियमन करायचे असेल तर?’ असा प्रश्न विचारणारा मतदार चुकीचा नव्हता. मी त्याला एवढेच सांगे, की तीस वर्षे विधिमंडळाने जे केले त्याचा अनुभव घेऊनच हे कलम लिहिले गेले आहे, आणि निर्णय तुमचा आहे. दुसरा मुद्दा विज्ञानाचा होता. २००७ मध्ये जपानचे शास्त्रज्ञ यामानाका आणि विस्कॉन्सिनचे थॉमसन यांच्या गटांनी माणसाच्या त्वचेच्या पेशींपासून भ्रूणपेशींसारख्या पेशी तयार केल्या होत्या, मग भ्रूणांची गरजच काय? संशोधकांनी आमच्या बैठकीत दिलेले उत्तर असे, की नव्या पेशी मूळच्या पेशींइतक्या विश्वासार्ह आहेत का, हे ठरवायलाच दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहाव्या लागतात.

लिव्होनियात एका दारावर निवृत्त नर्स असलेल्या कॅथलिक बाई भेटल्या. कॅथलिक चर्चचा दुरुस्तीला उघड विरोध होता. बाईंनी मला आत बोलावून बसवले, पाणी दिले, मजकूर पूर्ण वाचला आणि म्हणाल्या, की फलन झाले तिथेच माणूस सुरू होतो असे त्या मानतात, म्हणून त्या ‘नाही’ असेच मत देणार. गोठवलेल्या भ्रूणांचे काय व्हावे, असे मी विचारल्यावर त्यांनी “दत्तक जावेत” असे उत्तर दिले. आम्ही दोघींनीही आवाज चढवला नाही. त्यांचे मत बदलण्याचा मी प्रयत्न केला नाही, कारण त्यांचा विरोध कुठल्या जाहिरातीवर उभा नव्हता. अशा माणसाशी बोलून मजकुराची आपली समज वाढते. नव्याने दारोदार जाणाऱ्यांनी अशा दारांवरून घाईने निघू नये.

गणपतीच्या दिवसांत एका काकांनी मला बाजूला घेतले. काकूंना पार्किन्सन्स होता. “हे पास झालं, तर हिला किती दिवसांत औषध मिळेल गं?” त्यांनी विचारले. “काका, काही सांगता येणार नाही. कदाचित तिच्या हयातीत नाही मिळणार. माझ्या बाबांनाही नाही मिळणार,” असे मी म्हटले. ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “मग तू कशाला फिरतेस?” काम सुरू करायला परवानगी तरी मिळावी म्हणून, असे मी सांगितले. मोहिमेच्या काही साहित्यात उपचार जवळ आल्याचा सूर होता. तो मला तेव्हाही खटकला आणि मी तसे बैठकीत बोलूनही दाखवले. आजारी माणसाच्या घरात जाऊन खोटी आशा लावण्याचा अधिकार कोणालाच नाही.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मतदार नोंदणीची मुदत संपली. शेवटच्या महिन्यात आमचा सगळा भर एकाच सूचनेवर होता, तो म्हणजे मतपत्रिका शेवटपर्यंत वाचा. मिशिगनमध्ये तेव्हा एकच खूण करून एका पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत देता येई, पण ती खूण प्रस्तावांना लागू होत नसे. ओबामांच्या निवडणुकीमुळे राज्यात ५० लाखांहून अधिक लोक मतदानाला गेले. त्यांतले कितीतरी जण पहिल्या पानावरून परत फिरतील, ही आमची धास्ती होती. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून शंभर फुटांच्या आत प्रचार करायला बंदी असते, म्हणून मी त्या हद्दीबाहेर, थंडीत, फलक धरून उभी होते. मतदान सकाळी सात ते रात्री आठपर्यंत चालते. लोकरीचे मोजे आणि थर्मास घेऊन जावे.

निकाल ५२.६ विरुद्ध ४७.४ टक्के असा लागला. फरक सुमारे अडीच लाख मतांचा होता. त्याच मतपत्रिकेवरचा वैद्यकीय गांजाचा प्रस्ताव याहून कितीतरी सहज मंजूर झाला. पहाटे मी मिरजेला फोन केला. बाबांनी शांतपणे ऐकले आणि “बरं झालं” म्हणाले.

दुरुस्ती १९ डिसेंबर २००८ पासून लागू झाली, पण त्या दिवशी प्रत्यक्षात काहीच बदलले नाही. दवाखान्यांकडे नवे फॉर्म नव्हते, विद्यापीठांना नीतिसमित्यांची मान्यता घ्यायची होती, प्रयोगशाळा उभ्या करायच्या होत्या. मार्च २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी केंद्रीय निधीवरची २००१ पासूनची बंधने उठवली. तरीही भ्रूणापासून पेशी काढण्याच्या कामाला केंद्राचा पैसा वापरता येत नाही, कारण १९९६ पासूनची डिकी-विकर तरतूद आजही कायम आहे, त्यामुळे तो टप्पा खासगी देणग्यांवरच चालतो. मिशिगन विद्यापीठाने ऑक्टोबर २०१० मध्ये ‘यूएम४-६’ ही आपली पहिली भ्रूण स्टेम सेल मालिका (एका भ्रूणापासून काढून प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशी) तयार केली आणि एप्रिल २०११ मध्ये ती जाहीर केली. दरम्यान ऑगस्ट २०१० मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयाने केंद्रीय निधीला स्थगिती दिली. ती काही आठवड्यांतच तात्पुरती उठली, पण खटला २०१३ च्या जानेवारीपर्यंत चालू होता.

आमच्या भ्रूणांची कागदपत्रे या मधल्या काळात झाली. उपचारांच्या वेळी दिलेली जुनी संमती पुरत नाही, दान करण्याच्या वेळी नवी संमती द्यावी लागते, आणि पती-पत्नी दोघांच्याही सह्या लागतात. आमच्याशी बोलणारी व्यक्ती उपचार करणाऱ्या डॉक्टरांपेक्षा वेगळी होती. आमच्यावर दडपण येऊ नये हा त्यामागचा हेतू. मोबदला मिळणार नाही, आमच्या भ्रूणांचे पुढे काय झाले ते कळवले जाणार नाही, त्यातून पुढे व्यापारी फायदा झाला, तर आमचा वाटा नसेल, आणि ठरावीक टप्प्यापर्यंत संमती मागे घेता येईल, हे सगळे वाचून दाखवण्यात आले. मी प्रत्येक मुद्द्याला प्रश्न विचारले आणि कोणी घाई केली नाही. फॉर्म घरी नेऊन एक रात्र ठेवावा, असे मी कोणत्याही जोडप्याला सांगेन. आमच्या दोघांचे मत सारखेच होते, तरी त्या रात्री आम्ही बराच वेळ बोलत बसलो.

आज भ्रूण स्टेम सेलपासून तयार केलेल्या चेतापेशी पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूत बसवण्याच्या चाचण्या पुढच्या टप्प्यात गेल्या आहेत. त्यांतल्या एका मोठ्या चाचणीत वापरलेल्या पेशी १९९८ च्या विस्कॉन्सिनमधल्या कामातून आलेल्या आहेत. बाबा हे पाहायला राहिले नाहीत.

मिशिगनमध्ये आता कोणाला असे काम हाती घ्यायचे असेल, तर २००८ नंतर नियम बरेच बदलले आहेत हे ध्यानात घ्यावे. २०१८ च्या दुरुस्तीमुळे मतदानाच्या दिवसापर्यंत नोंदणी करता येते आणि कारण न देता टपाली मत देता येते. घटनादुरुस्तीसाठी लागणाऱ्या सह्यांचा आकडा २०२२ च्या निवडणुकीनंतर ४,४६,१९८ झाला आहे, आणि गव्हर्नरच्या प्रत्येक निवडणुकीनंतर तो पुन्हा ठरतो. क्लिपबोर्ड हातात घेण्याआधी आपल्या शहराच्या किंवा टाउनशिपच्या क्लार्कच्या, म्हणजे मतदार नोंदणीचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयात जाऊन स्वतःची नोंद तपासून घ्यावी. तिथली माणसे प्रश्नांची उत्तरे नीट देतात, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.